हेड पुसायचं स्पिरिट

मला विचाराल तर कीबोर्डला आवाज हवा.
मुका कीबोर्ड म्हणजे बिनमिठाचं सूप,
पोट भरतं, काय खाल्लं ते कळत नाही.
आणि ज्या फोनची बॅटरी काढता येत नाही
तो विकत घेतलेला नसतोच,
भाड्याचा असतो,
घरमालक कुठे राहतो ते फक्त माहीत नसतं.

हे मी बोलतो मारिबोरमध्ये, द्रावा नदीच्या काठी,
दुरुस्तीच्या दुकानात. एकोणतीस वर्षं झाली.
दारिन्का म्हणते, तुझं ऐकायला आता
सोल्डरिंगची बंदूकच उरलीय,
तीही तापलेली.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या तळघरात ठेवलेलं
आपलं आंबवलेल्या कोबीचं पिंप.
ठेवा, माझी ना नाही.
किल्ली कोणाकडे, तेवढं विचारून ठेवा.

नव्याला नावं ठेवणाऱ्यांतला मी नव्हे.
नातू ओझ्बेय मशीनला सांगतो, गेम लिहून दे,
ती देते. चाळीस सेकंदांत. धड चालतोही.
खटकतं ते इतकंच, की तो कुठे अडलाच नाही.
आमचा एका स्वल्पविरामापायी
अख्खा शनिवार गेलेला,
तो शनिवार मला अजून तोंडपाठ आहे.

स्रेच्कोने आणि मी पहिला कॉम्प्युटर आणला
ऑस्ट्रियातून, त्याच्या आजीच्या मांडीवर, घोंगडीखाली.
नाक्यावरच्या शिपायाने विचारलं, काय आहे?
आजी म्हणाली, गुडघे.

आणि प्रोग्रॅम यायचे रेडिओवरून.
हसू नका. निवेदक म्हणायचा, टेप तयार ठेवा,
मग तीन मिनिटं नुसती किर्र-चर्र,
जणू गावभर एकाच वेळी मांजरांना आंघोळ.
आम्ही श्वास रोखून.
वरच्या मजल्यावर कुणी मिक्सर लावला
की गेला प्रोग्रॅम पुढच्या आठवड्यावर.

ऑक्टोबरात एक बाई आली, त्याशा नावाची, चाळिशीची.
आई गाडीतच बसलीय, म्हणाली, आत यायचं नाही म्हणते.
हातात कॅसेट. वडिलांची.
वाटलं, आवाज असेल त्यांचा,
लावली तर किंकाळी. टेप बिघडलीय का?
म्हटलं, बाई, टेप ठणठणीत आहे,
हे बोलणं तुमच्याशी नाहीच,
ह्याच्याशी आहे,
आणि फळीवरून रबरी बटणांचा डबा खाली काढला.

हेड स्पिरिटने पुसलं. कापसावर तपकिरी डाग.
पहिल्या खेपेला चौथ्या मिनिटाला मान टाकली.
दुसऱ्यालाही.
मग हेडशेजारचा बारका स्क्रू,
केसभर डावीकडे.
कौशल्य वगैरे काही नाही त्यात,
कान लावून बसावं लागतं.
तिसऱ्या खेपेला निळ्या-पिवळ्या पट्ट्या थरथरल्या
आणि पडदा उघडला.

आत प्लमच्या झाडांचा हिशेब.
झाड नंबर, किलो, दारू किती लिटर.
तीनशे चाळिसाव्या ओळीत अधिकच्या जागी वजा.
म्हणजे हा गृहस्थ वर्षानुवर्षं
स्वतःच्याच कॉम्प्युटरवर तोट्यात.
दुरुस्त करू? विचारलं. बोटं बटणांवर होतीच.
ती म्हणाली, अं हं. राहू दे.

टेप मागे नेली. मी सवयीने काउंटर बारावर आणून
मगच सुरू करतो, सुरुवातीला काही नसतं म्हणून.
ह्या खेपेला शून्यावर गेली.
खरखर. खुर्ची सरकल्याचा आवाज.
मग पुरुषाचा, घाईतला:
"मिक्सर बंद कर गं, सुरू करतोय."
आणि लागलीच किर्र.

दीड सेकंद असेल.
त्याशाने ते किती वेळा ऐकलं मोजलं नाही,
पॉजचं बटण सैल झालं एवढं सांगतो.
मग तिने दुकानाचं दार सताड उघडलं,
गाडीकडे पाहिलं,
आवाज वाढवा म्हणाली.

वाढवला.
ह्या स्पीकरची मात्र मी शिफारस करणार नाही.
खर्जात फाटतो.